बॉयलरच्या दाराआडचा हिशेब

हँबुर्गहून पत्र आलं मंगळवारी:
टॉवेल उत्तम. रंग पक्का. काठ सरळ.
आता तुमच्या धुराचा हिशेब पाठवा,
टनांत, दोन दशांश स्थळांपर्यंत.

चिलका शेठनी ते दोनदा वाचलं
आणि माझ्या टेबलावर ठेवलं.
"धूर बी मालच की हो," म्हणाले,
"गेटाबाहेर जातोय तर नोंद पाहिजे."

डिझेलची बिलं कपाटात सापडली,
कपांचे गोल उमटलेली.
ऑगस्टचं नव्हतंच.
जनरेटर तेव्हा अकरा दिवस धडधडला,
माझ्या कानांना पक्कं आठवतंय,
पण कानांची झेरॉक्स जोडता येत नाही.

विजेचं सोपं. युनिट गुणिले गुणांक.
स्वच्छ सकाळी गच्चीवरून
फताटेवाडीच्या चिमण्या दिसतात;
आमचा थोडा धूर तिथं राहतो,
एवढंच समजायचं.

"बाभूळ किती जळली?" मल्लेशमला विचारलं.
"अक्का, ते तर लिहून ठेवलंय."
दाराआड भिंतभर रेघा:
चार उभ्या, एक आडवी,
खडूच्या लाकडाच्या, विटकरीच्या भुशाच्या कांड्यांच्या.
एक रेघ म्हणजे एक ढकलगाडी,
आणि ढकलगाडी म्हणजे किती किलो
ते आम्ही तीनदा काट्यावर चढवून ठरवलं.
पोरीच्या बाळंतपणाच्या आठवड्यात
रेघा वाकड्या आहेत. पण आहेत.
डिसेंबरपर्यंत उतरवल्या मी,
मग जीएसटीचं काम निघालं.

कामगार येतात कसे, हाही रकाना होता.
बस, रिक्षा, दुचाकी, चारचाकी.
पाय नव्हते.
एकसष्ट जणांपुढे मी शून्य लिहिलं.
अंबूबाई गुंडला वाकून बघत होती:
"विडी घरकुलातून इथवर रोज तंगडतोड,
आणि माझ्या नावापुढं भोपळा?"
हा भोपळा चांगला असतो, मी समजावलं.
तिला पटलं नाही.
मलाही, सांगताना, फारसं नाही.

*आधारवर्ष कोणतं?*
वडील होते त्या मिलचा भोंगा झाला की
पाठोपाठ काजळी उतरायची आमच्या चाळीवर.
तिचा हिशेब आई ठेवायची,
वाळत घातलेल्या पापडांवर फुंकर मारत.
मी दोन हजार एकोणीस लिहिलं.

एप्रिलच्या शेवटी पडताळणीला
पुण्याहून ईशानी देवस्थळी आली.
पारा चव्वेचाळीस. ओढणी डोक्याला गुंडाळून
ती थेट बॉयलरपाशी: "मूळ नोंद दाखवा."

भिंत पांढरी शुभ्र.
पाहुणे येणार म्हणून शेठनी
आदल्या रविवारी चुना मारून घेतला होता.

कुणीच बोललं नाही. बॉयलर तेवढा बोलत होता.
मग मल्लेशमनं डोळे मिटले:
"जानेवारी. गड्ड्याच्या यात्रेला दोन दिवस बंद.
नंतर थंडी, लाकूड ओलं, रोज तीन गाड्या जास्त.
फेब्रुवारीत डाईंगचा पाइप फुटला,
चार दिवस वाफच नाही.
मार्च... मार्चमध्ये दोन पाळ्या, लिहा."
ती लिहीत गेली. शेवटी विचारलं,
"चूक किती असेल? टक्क्यात?"
"चूक असती तर," तो म्हणाला,
"एखादं दिवस टॉवेल ओले गेले असते."
तिनं 'अंदाज' असा शिक्का मारला, आणि दहा टक्के.

सगळ्यात मोठा आकडा मात्र आमचा नव्हताच.
आमचे टॉवेल तिकडच्या हॉटेलांत
वर्षानुवर्षं उकळत्या पाण्यात धुतले जातात, तो.
शेठ पोट धरून हसले:
"म्हणजे त्यांचंच धुणं की!"
हसून झाल्यावर बराच वेळ
हातातला टॉवेल घड्या घालत, उलगडत बसले.

अहवाल गेला. उत्तर आलं दोन ओळींचं:
मिळाला. पुढल्या वर्षी पाच टक्के कमी करा.

मी ते मल्लेशमला वाचून दाखवलं.
त्यानं दार ओढलं,
नव्या चुन्यावर पहिली रेघ काढली,
बोटाच्या पेराएवढी.
"रेघ आखूड काढून चालत नाही, अण्णा."
"ठाऊक आहे," तो म्हणाला,
"खडू संपत आलाय."